कवडीच्या खांद्यावरची गाठ

संतराम मूळचा साखऱ्याचा. कोरडवाहू शेतीतलं घर, बाप बैलांचा शौकीन. बैलाचं दुखणं बापाला लांबून समजायचं, पण उपाय म्हणजे डाग देणं आणि अंगारा लावणं एवढाच. एका वर्षी गावात पायखुरीची साथ आली आणि धन्याचा हात चाटत जनावरं गोठ्यात बसली ती बसलीच. संतराम तेव्हा सेनगावच्या शाळेत उर्दू गिरवत होता. आपण गुरांचा डॉक्टर व्हायचं, हे त्यानं त्या वर्षी मनाशी धरलं. पुढे शिकायला सरकारी वजिफा मिळाला, मुंबईच्या गुरांच्या कॉलेजात शिकून तो परत आला, आणि एकोणीसशे तेहेतीसच्या सुमाराला हिंगोलीच्या शिफाखान्यात, म्हणजे गुरांच्या सरकारी दवाखान्यात, रुजू झाला.

शिफाखाना जुन्या छावणीच्या बाजूला होता. पुढं जनावरं बांधायला लाकडी खोडा, मध्ये दोन खोल्या, मागं राहायला घर. कचेरीत त्याला 'डॉक्टर साहब' म्हणत, बाजारात 'सलोत्री' आणि खेड्यापाड्यांत 'ढोराचा डाक्टर'. तिन्ही नावांना तो सारखीच ओ द्यायचा. हाताखाली खेमा नावाचा म्हातारा शिपाई होता. मारक्या बैलाच्या नाकात बोटं घालून त्याला गरीब करणं हे खेमाचं काम.

बायको मंजुळाबाई कनेरगावच्या पलीकडची, वऱ्हाडातली. कनेरगावच्या नाक्यावर निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजाचं सुरू व्हायचं. माहेरहून येताना तिच्या गाठोड्यातलं तूपसुद्धा नाक्यावरचे शिपाई उघडून बघत. ती हसरी होती, बोलकी होती. विहिरीवर गेली की घागर भरून वाहिली तरी तिचं बोलणं सुरूच. त्यांना एकच लेक झाली. तिचं नाव शालू.

शालू नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. भादव्याचे दिवस. त्या वर्षी कयाधूच्या काठाकाठानं म्हशींमध्ये घटसर्प पसरला होता. गळा सुजायचा, घरघर लागायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जनावर आडवं. संतराम आणि खेमा लसीचं सामान बैलाच्या खाचरात घालून गावोगाव हिंडत होते. मधेच एका संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा शालू पांघरूण घेऊन बसली होती. दोन्ही हातांत एक मांजराचं पिल्लू होतं. स्टेशनच्या मालधक्क्यावर, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये सापडलं म्हणून तिनं ते उचलून आणलं होतं. भुरकट पांढरं, पाठीवर ठिपके. तिनं त्याचं नाव कवडी ठेवलं होतं.

"बाबा, गिळताना दुखून राह्यलं," ती म्हणाली.

त्यानं कंदील जवळ घेतला, तिला आ करायला लावलं, चमच्यानं जीभ दाबून बघितलं. घसा लाल होता. अंगात थोडा ताप होता. दिवसभर तीसचाळीस म्हशींचे गळे चाचपून त्याचे हात दुखत होते.

"काई न्हाई," तो मंजुळेला म्हणाला. "घसा आलाय. मिठाच्या गुळण्या दे. दोन दिवसांत उतरंल."

"मोठ्या दवाखान्यात दाखवावं का?"

"आगं, धोका न्हाई काई."

सकाळी तो परत खेड्यांवर गेला. येईपर्यंत पोरीचा गळा दोन्ही बाजूंनी सुजला होता आणि श्वासाला शीळ लागली होती. तिला उचलून तो पळतच माणसांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं घशात पाहिलं, तिथं मळकट पांढरा पापुद्रा धरलेला होता. त्यानं नुसती मान हलवली. "घटसर्प," तो म्हणाला. माणसांच्या घटसर्पावरचं औषध हैदराबादेहून मागवावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ शालूजवळ नव्हता. दुपार कलायच्या आत ती गेली.

म्हशींचा घटसर्प आणि माणसांचा घटसर्प हे दोन वेगळे रोग आहेत, नुसतं नाव एक आहे, हे संतरामला पुस्तकातून माहीत होतं. पण विहिरीवरच्या बायकांना ते कोण सांगणार? त्या म्हणाल्या, अख्ख्या मुलखाच्या म्हशी टोचत हिंडला आणि घरातला घटसर्प याला दिसला नाही. त्यांचं बोलणं मंजुळेच्या कानावर आलं. ती त्यांना काही बोलली नाही. नवऱ्यालाही नाही. त्याच दिवसापासून तिचं बोलणंच आटलं. भाकरी थापायची, पाणी भरायची, विचारलं तर 'व्हय' किंवा 'न्हाई'. बाकी सगळं बोलणं ती त्या पिल्लाशी करायची. तेही हळू आवाजात, संतराम ओसरीवरून आत आला की थांबणारं.

कवडी वाढली. शालूच्या बिछान्याची वळकटी कोपऱ्यात होती, तिच्यावरच झोपायची. मंजुळा ती वळकटी उन्हात टाकायची आणि संध्याकाळी परत तिथंच ठेवायची. मांजराला दूध दिल्याशिवाय ती स्वतः चहा पीत नसे. शेजारीण एकदा म्हणाली, मांजर बिना लेकराच्या घरात पाळू नये. मंजुळेनं तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं.

अशी तीन वर्षं गेली. पंचेचाळीसचा हिवाळा होता. संतराम सकाळी खोड्यातल्या बैलाची खुरं तासत होता, तेव्हा मंजुळा मागच्या दारानं शिफाखान्यात आली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती या बाजूला कधी आली नव्हती. पदराखाली कवडी होती.

"हिच्या खांद्याला काय झालं, पाहा जरा."

खेमानं बैल सोडला आणि कुणी न सांगताच बाहेर जाऊन बसला. संतरामनं हात धुतले, पुसले, चुलीजवळ धरून ऊब आणली. मग कवडीला टेबलावर घेतलं. उजव्या खांद्याच्या फऱ्यावर, म्हणजे पसरट हाडावर, कातडीखाली काहीतरी होतं. चिंचोक्याएवढं. त्यानं बोटांनी कातडी सरकवली. कातडी मोकळी सरकली, गाठ जागची हलली नाही. ती हाडालाच धरून होती, हाडासारखीच टणक. वरून थोडी उंचसखल. दाबली तरी कवडीनं अंग चोरलं नाही. उलट डोळे मिटून गुरगुरायला लागली. गाठ गरम नव्हती. काखेतल्या गाठी सुजलेल्या नव्हत्या.

"खाती का?"

"खाती."

"लंगडती?"

"न्हाई. उडी मारताना जरा थांबती."

मंजुळा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काय ऐकायचं होतं ते त्याला समजत होतं, आणि तेच शब्द तोंडातून काढायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

"मला पाहू दे," तो म्हणाला. "आजच काई सांगत न्हाई."

हिंगोलीच्या शिफाखान्यात मांजर तपासायला कोणी आणत नसे. बैल, म्हैस, तहसीलदाराचा घोडा, फार तर एखाद्या जमीनदाराचा शिकारी कुत्रा. संतरामच्या पुस्तकांतही मांजराला जागा थोडीच होती. जे होतं ते घोड्याचं आणि कुत्र्याचं. हाडावर उठणाऱ्या गाठी दोन जातींच्या असतात, एवढं त्यात नीट लिहिलेलं होतं. एक वाईट जात: भराभर वाढते, हाड पोखरते, दुखते, तिथलं अंग तापतं, आणि शेवटी फुप्फुसात जाऊन बसते. दुसरी साधी जात: हळू वाढते, दुखत नाही, पोखरत नाही, नुसती हाडावर हाड चढवत बसते. दोन्ही सुरुवातीला बोटाला सारख्याच लागू शकतात.

त्यानं एक दोरा घेतला आणि गाठीभोवती धरून मापाला गाठ मारली. दर आठवड्याला तो त्याच दोऱ्यानं माप बघायचा. मंजुळा कवडीला धरायची. तेवढ्यापुरते दोघांचे हात एका जागी यायचे. संक्रांत झाली, गाठ जरा वाढली होती. शिमग्यापर्यंत आणखी थोडी. वाढ संथ होती. दुसऱ्या कोणी जनावर आणलं असतं तर संतरामनं एवढ्यावर सांगून टाकलं असतं. घरच्या मांजराच्या बाबतीत त्याला तेवढं पुरेना.

"कापून काढतो," तो एक दिवस म्हणाला. "आन् आतून पाहतो. पाहिल्याबिगर मी बोलणार न्हाई."

मंजुळेनं कवडीला पदराखाली ओढून घेतलं. मग म्हणाली, "मरंल का ती गुंगीत?"

"मरू शकती. मी जपीन."

ती म्हणाली, "करा."

खेमानं कवडीच्या नाकाशी क्लोरोफॉर्मचा बोळा धरला. बैलांच्या शिंगांना झोंबणारा हा माणूस, पण त्या दिवशी तो बोळा दोन बोटांत अलगद धरून होता. संतरामनं कातडी उघडली, स्नायू बाजूला केले. गाठ दिसली. तिच्या माथ्यावर निळसर पांढरं, नखानं दबेल असं कूर्चेचं टोपडं होतं. आपल्या कानाच्या पाळीच्या वर जसं मऊ हाड असतं, तसं. टोपड्याखाली जाळीदार हाड, आणि ते फऱ्याच्या हाडातून सरळ उगवून आलेलं. झाडाच्या खोडाला धुमारा फुटावा तसं. त्यानं ती बुडापासून छिन्नीनं काढली, जखम शिवली. कवडी शुद्धीवर येऊन ओरडली तेव्हा मागच्या दाराशी उभ्या मंजुळेनं पहिल्यांदा श्वास सोडला.

काढलेली गाठ तशीच कापता येत नव्हती, हाड होतं ना. त्यानं ती पातळ तेजाबात घालून ठेवली. चुना विरघळून ती खोबऱ्यासारखी मऊ झाली. मग खेमानं न्हाव्याकडून नवा वस्तरा आणून दिला, आणि संतरामनं तिचे काप काढले. पहिले कितीतरी फाटले. शेवटी एक काप असा निघाला की त्यातून खिडकीतला उजेड दिसत होता. तो त्यानं निळ्या रंगात बुडवून काचेवर पसरला. शिफाखान्यात सूक्ष्मदर्शक होता. फाशी रोगानं मेलेल्या जनावराचं रक्त बघायला सरकारनं दिलेला. त्यानं डोळा लावला.

बराच वेळ तो काचेवरून उठला नाही. नंतर त्यानं मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "मंजुळा, हिकडं ये."

ती पदर खोचत आली.

"एक डोळा मीट. दुसरा हितं लाव. हात लावू नको. काय दिसून राह्यलं?"

"निळं दिसून राह्यलं."

"आन् त्यात?"

ती वाकून बघत राहिली. "दाणे हायेत. वळीनं बसलेत. जवारीच्या कणसात बसतात तसे."

"बराबर!" त्याचा आवाज चढला. "वळीनं बसलेत ना? वाईट गाठीत वळ राहत न्हाई. दाणे लहानमोठे हुतात, एकमेकाच्या उरावर बसतात, सगळा गोंधळ. ही साधी गाठ हाये. कूर्चेची न् हाडाची. लेकरांनाबी होती, घोड्यालाबी. अंग वाढायचं थांबलं की तीबी थांबती."

मंजुळेनं डोळा काढला. "म्हंजे?"

जे शब्द त्यानं इतके दिवस गिळले होते ते आता त्याला म्हणता येणार होते. डोळ्यांनी पाहून, दोनदा पाहून.

"जिवाला धोका न्हाई," तो म्हणाला.

तिनं परत काचेला डोळा लावला. मघापेक्षा जास्त वेळ बघितलं. उठली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. "चांगलं दिसतं हो," ती म्हणाली. "आतून किती नीटनेटकं हाये."

त्या उन्हाळ्यात मंजुळा माणसांत आली. विहिरीवर बोलायला लागली. कुणाच्या पापडाला, कुणाच्या शेवयांना हात लावायला गेली. नवरा जेवायला बसला की समोर बसून गावातल्या चार गोष्टी सांगायची. एका संध्याकाळी तिनं आपणहून शालूचं नाव काढलं. कवडी आणली त्या दिवशी पोरीनं फ्रॉकमध्ये लपवून तिला कसं घरात घेतलं ते सांगितलं. सांगताना हसली आणि मग रडली, आणि संतरामला वाटलं, आता ही बरी होईल.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात अधूनमधून टोचत होती. अंग वाढायचं थांबलं की गाठ थांबते, हे पुस्तकाचं म्हणणं. पण कवडीला गाठ आली तीच मुळी अंगानं पुरती झाल्यावर. मग थांबणार कशी? हा प्रश्न आला की तो उठायचा आणि काहीतरी काम काढायचा. घरात कितीतरी दिवसांनी बोलणं ऐकू येत होतं.

पावसाळ्यात कवडीच्या बरगडीवर गाठ आली. मंजुळेनंच ती पाहिली, हातानं, मांडीवर घेताना. मग खालच्या जबड्यावर. मग दुसऱ्या फऱ्यावर. संतरामनं बरगडीवरची काढली, तेजाबात घातली, काप केले. तसंच कूर्चेचं टोपडं, तसंच जाळीदार हाड, तशाच ओळीनं बसलेल्या पेशी. जबड्यावरचा तुकडा काढून पाहिला. तोही तसाच, कुठं गोंधळ नाही. तो सगळी पुस्तकं उलटीपालटी करत राहिला. घोड्यावर होतं, कुत्र्यावर होतं. मांजराच्या हाडाला असं एकामागून एक धुमारे फुटत जातात, याबद्दल कुठंच अक्षर नव्हतं. परभणीला वरच्या साहेबाच्या भेटीला गेला तेव्हा त्यांना विचारलं. ते भले माणूस होते. त्यांनी काचा पाहिल्या आणि म्हणाले, "संतराम, ये तो मासूम है. तुम्हारी तशखीस बराबर है." गाठ साधीच आहे, निदान बरोबर आहे. तो गाडीत बसून परत आला.

जबड्याच्या गाठीनं कवडीचं तोंड उघडेना. मंजुळा कापसाची वात दुधात भिजवून तिच्या ओठाला लावायची. तासन् तास. मग एक दिवस कवडी वळकटीवरून खाली उतरताना पडली आणि तिचे मागचे पाय आले नाहीत. संतरामनं पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं. दोन मणक्यांच्या मध्ये टणक लागलं. आत किती असेल ते त्याला कळलं.

"परत पाह्यलं का काचेतून?" मंजुळेनं विचारलं.

"पाह्यलं."

"नीट पाह्यलं?"

"नीट पाह्यलं. साहेबानंबी पाह्यलं. गाठ साधीच हाये."

"मग मरून काहून राह्यली ती?"

संतराम खाली बघत होता. "गाठ साधी हाये, पर जागा वंगाळ हाये. नस दाबून राह्यली. जबडा धरून राह्यली. आन् ती थांबंना. काहून थांबंना, ते मला माहीत न्हाई."

"तुमाला माहीत न्हाई."

"न्हाई."

तिनं आवाज चढवला नाही. दुधाची वाटी उचलून ती आत गेली. विहिरीवर ती दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी, उजाडताच जाऊ लागली, म्हणजे कुणाशी बोलायला नको.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत कवडी नुसती हाडांची मोळी झाली होती. तिला स्वतःचं अंग चाटता येत नव्हतं म्हणून मंजुळा ओल्या फडक्यानं तिला पुसायची. रोज सकाळी संतराम तिच्या डोळ्यांकडे बघायचा आणि कामाला जायचा. शेवटी मंजुळाच म्हणाली.

"ढोरं तडफडायला लागली की तुमी सोडवता न्हाई का?"

"व्हय."

"मग हिलाबी सोडवा. दुसऱ्या कोणाला सांगू नका. तुमीच करा. मी धरते."

दुपारची वेळ होती. खेमाला त्यानं बाजारात पाठवलं. मागच्या ओसरीवर, सावलीत, मंजुळा पाय पसरून बसली आणि कवडीला मांडीवर घेतलं. कवडीला गुरगुरता येत नव्हतं, पण मंजुळेचा हात मानेवर पडला तशी तिनं डोळे मिटले. संतरामनं बोळा धरला. पहिल्या वासानं तिनं पुढचे पंजे एकदा ताणले. मग ते सैल झाले. तो बोळा धरून बसून राहिला, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मंजुळेनंच त्याचं मनगट धरून हात बाजूला केला.

तिनं कवडीला शालूच्या एका जुन्या परकरात गुंडाळलं. संतरामनं कडुनिंबाखाली खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर दोघं तिथंच उभे होते.

"मंजुळा," तो म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं न्हाई."

"ठावं हाये मला. तुमी खोटं बोलत न्हाई." ती मातीकडेच बघत होती. "शालूच्या बारीला तुमचं चुकलं. चुकतं माणसाचं. त्याचा राग मी गिळला. पर हिच्या बारीला तर तुमचं बराबर व्हतं ना? मी डोळ्यानं पाह्यलं, कणसावानी वळ व्हती. मग चुकलं तरी जातं, बराबर असलं तरी जातं, तर मी धरू कशाला?"

त्यानं खाली वाकून वरची ढेकळं हातानं फोडली.

महिन्याभरात तिचा भाऊ उकंडराव बैलगाडी घेऊन आला. बहीण वाळून गेली, चार दिवस माहेरी नेतो म्हणाला. संतरामनं गाडीत गवत पसरून दिलं, वर घोंगडी घातली. मंजुळा चढली. नाक्यापर्यंत येऊ का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, कशाला उन्हात.

चार दिवसांचे महिने झाले. त्या वर्षी ऑगस्टात नाक्याच्या पलीकडं स्वातंत्र्य आलं आणि अलीकडं आलं नाही. मग इकडचे दिवस बिघडत गेले. गावं लुटली गेली, माणसं रातोरात बिऱ्हाड उचलून वाशिमकडे निघून गेली. मागं राहिलेली गुरं दाव्याला बांधलेलीच ओरडत राहिली. संतराम आणि खेमा ओस पडलेल्या गावांत जाऊन ती सोडत, पाणी पाजत. निघून जायला संतरामला सांगणारे पुष्कळ होते. तो म्हणायचा, दवाखाना सोडून कसा जाऊ? खरं तर नाका ओलांडला की सासरवाडीच्या वाटेला लागावं लागलं असतं, आणि मंजुळेसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं हे त्याचं ठरत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तो निरोप द्यायचा: मी खुशाल हाये. तिकडूनही तेवढाच यायचा.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी संपली. रस्ते मोकळे झाले. दिवाळी झाल्यावर संतरामनं धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला आणि मंजुळेला आणायला निघाला. कनेरगावच्या नाक्यावर आडवा बांबू वर उचललेला होता. चौकीत कोणी नव्हतं. एक शेळी चौकीच्या सावलीत बसली होती.

उकंडरावाच्या वाड्याच्या दाराशी पोचायच्या आधीच त्याला हसणं ऐकू आलं. ते ओळखलं तरी त्याला विश्वास बसेना, म्हणून कुडाआडच उभा राहिला. अंगणात कापूस वेचून आणलेला होता, आणि त्या ढिगात उकंडरावाची नात, दोन-अडीच वर्षांची पोर, लोळत होती. मंजुळा तिच्या डोक्यावरचा कापूस काढत होती, पोर परत डोकं खुपसत होती. मंजुळेच्या गालांवर मांस आलं होतं. केस नीट विंचरलेले होते. पोर 'आजी, आजी' म्हणून ओरडली आणि मंजुळा मान मागं टाकून हसली. तशी ती लग्न होऊन आली त्या साली हसायची.

संतरामनं डोक्यावरचा पटका नीट केला. मग खाकरला.

हसणं थांबलं. मंजुळा उठली, पदर डोक्यावर घेतला, आतून पाण्याचा तांब्या आणला. उकंडराव आला, घरातली माणसं जमली. हालहवाल झाली. जेवायला वाढलं तेव्हा मंजुळा समोर बसली. त्यानं बघितलं तर ती ताटातली भाकरी पुरती जेवली. हिंगोलीत अर्धी खाऊन उठायची.

"वाळलात तुमी," ती म्हणाली. "खेमा कसा हाये?"

"हाये. डोळ्यानं कमी दिसतं आता त्याला."

जेवण झाल्यावर उकंडराव मुद्दाम बैल दाखवायला म्हणून बाहेर गेला. दोघंच राहिले. पोर मंजुळेच्या मांडीवर येऊन झोपली होती.

"मला न्यायला आलात ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग सकाळच्याला निघू. गाठोडं बांधते."

तिनं हे इतकं सरळ सांगितलं, की त्यात काही दुखत आहे हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पण बोलता बोलता तिचा हात झोपलेल्या पोरीच्या पाठीवर आला आणि तिथंच घट्ट बसला. संतराम त्या हाताकडे बघत राहिला. आयुष्यभर त्यानं मुकी जनावरं तपासली होती.

"मंजुळा," तो म्हणाला, "तू हितं जेवून राह्यली. हसून राह्यली. मी कुडाआडून पाह्यलं. तिकडं माज्यासंग तुला काय हाये? ती वळकटी, तो लिंब, आन् माजं तोंड."

तिनं मोकळ्या हातानं पोरीचं झबलं खाली ओढलं.

"तू हितंच राहा. माजी काई तक्रार न्हाई. उकंडरावाला मी सांगतो."

ती नाही म्हणेल, असं त्याला वाटत होतं. एकदा तरी म्हणेल. तिनं मान खाली घातली, आणि पोरीच्या पाठीवरचा हात सैल झाला.

"जेवत जा येळच्या येळी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पोरीच्या झबल्यावर पडत होतं. "चुलीपाशी बसून ताजी भाकर खात जा. शिळं खाऊ नका."

"व्हय."

रात्री राहा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. शिफाखाना उघडा टाकून आलो, असं सांगून तो उन्हं उतरायच्या आत निघाला. मंजुळा दारापर्यंत आली. तिनं कापडात चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून त्याच्या हातात दिला. तो गल्लीच्या वळणाला पोचला तेव्हा आत पोर उठून रडायला लागली, आणि मंजुळा घाईघाईनं माघारी वळली.

कनेरगावच्या अलीकडे रस्त्यात एका शेतकऱ्यानं त्याला अडवलं. ओळखलं होतं त्यानं. बांधाशी त्याची गाय दुपारपासून बसून होती, पोट फुगलेलं, उठत नव्हती. "डाक्टर, तकलीफ देतो तुमाला," तो म्हणाला, "पर जरा पाहा." संतरामनं भाकरीचं गाठोडं बाभळीच्या फांदीला अडकवलं, बाह्या वर केल्या आणि गायीपाशी गुडघे टेकून बसला.